चादर एक, टॉवेल तीन

"दाबायचं नाही, आई. नुसतं टेकवायचं. झोपलेल्या माणसाच्या पापणीला बोट लावावं तसं."

मुलाने, ठोक्याने, सांगितलेलं हे वाक्य मावशी घरापासून दुकानापर्यंत मनात घोळवत आली होती. मावशी म्हणजे त्याची आईच; कामावर सगळे तिला मावशी म्हणत. हातात त्याने सांगितलेली, तिने लिहून घेतलेली चिठ्ठी होती. पॅड सोळा हवेत. लॅपटॉपच्या वायरवर चालणारं हवं. सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं: पॅड नरम हवेत.

दुकानदाराने काचेच्या टेबलावर गाणी वाजवायची तीन यंत्रं मांडली. त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर त्याने प्रेमाने हात फिरवला.

"मुलाला डीजे व्हायचंय ना? मग हे दोन चाकांचं घ्या. चाकं नसली तर लोक त्याला डीजे नाही, कॅशियर म्हणतील."

"त्याला चाक फिरवता येत नाही."

"येईल हो. महिनाभरात शिकतात पोरं."

"येत होतं," मावशी म्हणाली. "आता येत नाही."

दुकानदाराने मोठं यंत्र बाजूला सारलं. राहिली दोन. एक खोक्यातलं कोरं, काळंभोर, पॅडचे रबरी चौकोन चकचकीत. दुसरं कोणीतरी वापरून विकलेलं. कडा झिजलेल्या, एका कोपऱ्यावर कुणाच्या तरी नावाचा अर्धवट खरवडलेला स्टिकर. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच, आणि मावशीला झेपेल अशी.

"माझं ऐकाल तर जुनं न्या," दुकानदार म्हणाला. "वापरून वापरून पॅड लोण्यासारखे झालेत. नवं जरा कडक आहे."

मावशीने दोन्हींवर बोट टेकवून पाहिलं. पापणी आठवून, श्वास रोखून. दोन्हींचे दिवे लागले. तिच्या बोटाला काही फरक वाटला नाही. तिच्या मनात आलं, हा गोड बोलून जुना माल गळ्यात मारतोय. आणि दुसरंही एक आलं. लहानपणापासून पोराने दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातले, दुसऱ्यांच्या वह्यांची उरलेली पानं वापरली. ही शेवटची वस्तू तरी कुणाच्या हातची नको.

"नवं द्या," ती म्हणाली.

ठोक्या हे नाव त्याला शेजाऱ्यांनी दिलं होतं. दोन वर्षांचा असल्यापासून ताट, दार, बादली, जे सापडेल त्यावर तो ठोके धरायचा. मोठा झाला, दिवसा गोदामात सामान चढवू लागला आणि दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कामगारांच्या हॉलमध्ये गाणी वाजवू लागला. सात वर्षं एक शनिवार चुकला नाही. ड्रायव्हर, शिपाई, निवृत्त झालेले म्हातारे, लाँड्रीतल्या बायका, सगळे तिथे येऊन नाचायचे आणि आठच्या आत घरी जायचे.

मग त्याच्या हातून कप निसटू लागले. डॉक्टरांनी स्नायू झिजण्याच्या त्या दुखण्याला एक लांबलचक नाव सांगितलं, ते मावशीच्या तोंडी कधी बसलं नाही. तीन वर्षांत गोदाम सुटलं, चाक सुटलं, शर्टाचं बटण सुटलं. हॉल मात्र त्याने उशिरा सोडला, आणि आता तो हॉलच पाडायला निघाले होते. हॉलचा रखवालदार स्वतः घरी येऊन गेला होता.

"शेवटच्या शनिवारी तूच वाजवायचंस," तो म्हणाला होता. "नाहीतर मी नुसतं कुलूप लावून निघून जाईन. सात वर्षं एवढा धिंगाणा केलात, आता गुपचूप कसे जाल?"

ठोक्याने शब्द दिला. त्या शनिवारला तीन आठवडे उरले होते. बोटं अजून थोडी हलत होती, म्हणून हे पॅडचं यंत्र. सगळी गाणी आधीच लॅपटॉपमध्ये बसवून ठेवायची, आणि मग नुसतं बोट टेकवायचं.

नवं यंत्र त्याने पहिल्या दिवशी बराच वेळ मांडीवर ठेवलं. "मस्त आहे गं," म्हणाला. "एकदम कोरं."

दुसऱ्या दिवशी मावशी कामाची पाळी संपवून दुपारी घरी आली आणि दारातच थबकली. ठोक्या डाव्या हाताने उजवा हात उचलत होता आणि पॅडवर टाकत होता. पिशवी टाकावी तसा. एकदा दिवा लागला. दुसऱ्यांदा लागला नाही. तिसऱ्यांदा हात उचललाच गेला नाही.

त्याने वर पाहिलं.

"लॅपटॉपमध्ये शिरून जेवढं नरम करता येतं तेवढं केलं, आई. तरी माझं बोट घेत नाही. दुकानात लावून बघितलं होतंस ना?"

"टेकवलं होतं रे. तू सांगितलंस तसंच. पापणीला लावावं तसं."

"माझ्या पापणीला लाव बघू."

त्याने डोळे मिटले. मावशीने वाकून अलगद बोट टेकवलं. त्याची मान झटकन मागे गेली.

"अगं आई! डोळा फोडतेस का?"

तो हसत सुटला. मावशी हसली नाही. ती बोटांची टोकं उलटसुलट करून पाहत राहिली. सव्वीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या लाँड्रीत वाफेच्या प्रेसखालून चादरी ओढून काढल्या होत्या. बोटं भाजून भाजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. हजेरीच्या यंत्राला तिचा अंगठा कधी सापडत नसे. सुपरवायझर रोज विचारायचा, "मावशी, कामाला तुम्ही येता की तुमचं भूत?" आणि तीही सगळ्यांबरोबर हसायची. त्या हातांना हलकं म्हणजे काय ते कळत नाही, हे तिला आज कळलं.

ती तशीच दुकानात गेली. जुनं यंत्र सकाळीच कोणीतरी नेलं होतं. "तसलं पुन्हा कधी येईल सांगता येत नाही," दुकानदार म्हणाला. मग म्हणाला, "मी म्हटलं होतं हो."

"म्हटलं होतंत," मावशी म्हणाली.

घरी ठोक्या वाट पाहत होता. "तोंड पाडू नकोस," तो म्हणाला. "बस इथे. डोकं माझं, बोट तुझं."

"मला कुठलं जमतंय!"

"जमेल. या पॅडांना तुझंच बोट पाहिजे."

पॅडांचे आकडे तिच्या लक्षात राहीनात. तेव्हा त्यानेच युक्ती काढली. वरची रांग चादरींची, दुसरी टॉवेलांची, तिसरी उशांच्या अभ्र्यांची, खालची डॉक्टरांच्या कोटांची. लाँड्रीतल्या फडताळांचा तोच क्रम होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितला असता.

"चादर एक," ठोक्या म्हणायचा. ठोका सुरू व्हायचा. "थांब, थांब... घाई नको... आता टॉवेल तीन. शाब्बास! अभ्रा दोन... आई, अभ्रा! तू कोट घातलास!"

"मग काय झालं?"

"झालं काय, नाचणारे पडले सगळे."

दोन आठवडे रोज संध्याकाळी हे चाललं. पहिल्यापासून तालाचा वेग चुकू नये म्हणून तो तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोट आपटायचा. तिथली कातडी अजून मऊ होती, तिथे तिला कळायचं. एकदा मध्येच थांबून म्हणाला, "मला येता आलं नाही तरी तू जायचंस."

"भलतंसलतं बोलू नकोस."

"शब्द मी दिलाय, बोट तुझं आहे. जाशील ना?"

रोज पहाटे मावशी देवापुढे हात जोडून उभी राही, पण मागत काही नसे, आणि कबूल तर फार क्वचित करी. कबूल केलेलं मात्र तिने आजवर कधी मोडलं नव्हतं.

"जाईन," ती म्हणाली.

शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा श्वास अडकला. त्याला हॉस्पिटलमध्ये आणलं; लाँड्रीच्या वरच तिसऱ्या मजल्यावर वॉर्ड होता. तिने इस्त्री केलेल्याच चादरीवर त्याला निजवलं. तोंडावर मास्क बसवला. शनिवारी दुपारी डॉक्टर तिला जिन्याशी घेऊन गेले आणि म्हणाले, "आता जवळच राहा. आज किंवा उद्या." ती हो म्हणाली.

भेटीची वेळ चार ते सहा होती. तोवर ती घरी जाऊन आली. चार वाजता ती आत आली तेव्हा खांद्यावर कापडी पिशवी होती, आत यंत्र आणि लॅपटॉप. घरून का आणली ते तिलाही सांगता आलं नसतं. पिशवी तिने कॉटखाली सरकवली, पण वायरीचं टोक बाहेर लोंबत राहिलं. ठोक्याने ते पाहिलं.

"मी कुठे जात नाही," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

त्याचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. मग तिच्याकडे. मग परत घड्याळाकडे. नर्स सलाईन पाहून गेली. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची लेक फळं चिरत होती.

"अरे, तुला सोडून कशी जाऊ?" मावशी म्हणाली. "मी तिकडे हॉलमध्ये चादरी मोजत बसायची आणि इकडे..."

ठोक्याची बोटं चादरीवरून सरकत आली. तिच्या मनगटापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. आतल्या मऊ कातडीवर त्याने एक बोट टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. इतकं हलकं, की पाहिलं नसतं तर माशी बसली असं वाटलं असतं. एक. दोन. तीन. चार. मास्कच्या आत ओठ हलले. आवाज आला नाही, पण मावशीला शब्द दिसले. चादर एक.

तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. कोपरा नीट दुमडून गादीखाली खोचला, लाँड्रीत शिकवतात तसा. त्याच्या कपाळावर तळहात ठेवला. मग कॉटखालची पिशवी ओढून खांद्याला लावली.

साडेचार वाजले होते. हॉलमध्ये पाचला सुरू व्हायचं होतं. जिन्यावर गर्दी होती. डबे, थर्मास, औषधांच्या पिशव्या घेऊन माणसं आपापल्या माणसांकडे वर चढत होती. खाली उतरणारी ती एकटीच. एका बाजूला अंग चोरून, कठड्याच्या कडेने ती पायरी पायरी उतरत होती, आणि वेग सुटू नये म्हणून उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटाच्या आत टेकवत होती. दाबत नव्हती. नुसतं टेकवत होती.