एक जूनची पत्रिका

रंजिताला तिच्या आईनं भाताच्या झोडणीत जन्म दिला आणि गोजर गुरुजींनी एक जूनला.

झालं असं, की शाळेत नाव घालायला बाप भगीरथ तिला घेऊन गेला तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. भगीरथ म्हणाला, "झोडणी चालली व्हती." गुरुजींनी वही पुढे ओढली आणि एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये उघडायची, त्याआधी पोराची सहा वर्षं भरलेली दिसली की काम झालं. तिच्या वर्गातली सगळी पोरं एक जूनची होती. पुढचा वर्ग एक जूनचा, मागचाही. सरकारी कागद खरे मानले तर तानसा तलावाकडच्या त्या गावातल्या बायका वर्षातून एकाच दिवशी बाळंत होत आणि बाकी वर्षभर शेतावर मोकळ्या असत.

या तारखेचा रंजिताला कधी त्रास झाला नाही. ती भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली, शहापूरला एस. टी. स्टँडमागच्या कम्प्युटर क्लासात शिकवायला लागली, आणि कॉलेजात ओळख झालेल्या वैशाखरे गावच्या शेखरशी लग्न करायचं तिनं ठरवलं. शेखर रसायनशास्त्राचा पदवीधर, मुरबाडजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. जात एक, घरं तोलामोलाची, माणसं राजी. हळद कधी लावायची एवढंच ठरायचं होतं.

पूर्वी इथून पुढे काही अडत नसे. शहापूरचे म्हातारे जोशीबुवा पंचांग उघडत, चष्मा पुसत आणि विचारत, "मंडळी राजी आहेत ना?" राजी असली तर पत्रिका जुळे. कोणा एकाचं मन नसलं तर नेमका मंगळ आडवा येई. बुवांचे ग्रह समंजस होते, माणसांचं ऐकून घ्यायचे. पण बुवा वारले आणि त्यांच्या पुतण्यानं कम्प्युटर घेतला.

शेखरचा थोरला भाऊ कमळाकर मुंबईत एका कचेरीत होता. घरात कम्प्युटर या विषयावर तोच बोलत असे, कारण त्याच्या कचेरीत एक होता आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर घालायचं काम याच्याकडे होतं. त्यानं दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले पुतण्याकडे नेले. मशीन कुरकुरलं आणि लांबलचक कागद बाहेर आला. छत्तीसपैकी अकरा गुण. एकनाडी. विवाह वर्ज्य.

तो कागद घेऊन एका रविवारी कमळाकर, शेखर आणि त्यांची आई गोदू असे तिघं रंजिताच्या पडवीत येऊन बसले. चहा झाला. कमळाकरनं कागद चटईवर उलगडला.

"अकरा," तो म्हणाला. "म्हंजे पस्तीस टक्के पन नाय. शाळेत असतं तर नापास."

"दादा, पण ती तारीखच खोटी आहे," रंजिता म्हणाली. "माझा जन्म जूनमधला नाही."

"दाखल्यावर शिक्का हाय."

चुलीपासून बाईजा, रंजिताची आई, उठून दारात आली. "कळा मला आल्या व्हत्या का तुज्या शिक्क्याला? झोडणी व्हती. खळ्यावरना मला घरात आणली."

"काकी, तुमी खरं बोलता वो. पन पुरावा काय?"

"ही काय, तुज्यासमोर बसलीय."

"आमचा शेखर पन जूनचा नाय," गोदू मधेच म्हणाली. "म्हसा गावची जत्रा व्हती. याचा बा बैल बघाया गेलेला, तो बैल घेऊन आला नि घरात पोर."

"आये, तू गप ऱ्हा. आधीच घोळ हाय."

घोळ काय होता ते रंजिताला एकदम दिसलं. शेखरचे गुरुजीही गोजर गुरुजींसारखेच घाईतले, त्याच्याही दाखल्यावर एक जूनच. मशीननं ना तिची पत्रिका पाहिली होती ना त्याची. त्यानं दोन मास्तरांची पत्रिका जुळवली होती, आणि दोघांची नाडी एक निघाली यात नवल नव्हतं.

हे तिनं बोलून दाखवलं नाही. आधी तिनं विज्ञान सांगून पाहिलं. पदवी त्यासाठीच घेतली होती. वाटी, पेला आणि बशी चटईवर मांडून तिनं सूर्य, पृथ्वी आणि चंद्र दाखवले, अंतरं सांगितली, एवढ्या लांबून कोणाच्या संसारावर परिणाम होणं कसं शक्य नाही ते शांतपणे समजावलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. गोदू तर मान डोलावत होती.

"म्हंजे चंद्रामुळं समुद्राला भरती येते," कमळाकर म्हणाला.

"येते."

"आनि मानसाच्या अंगात पानी किती असतं?"

उत्तर शेखरनं दिलं. रसायनशास्त्राचा प्रश्न आला की त्याला राहवत नसे.

"साधारण सत्तर टक्के."

"बघा," कमळाकर म्हणाला, आणि पृथ्वीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

मंडळी निघत असताना रंजितानं शेखरला कुंपणापाशी गाठलं. "तुझा विश्वास आहे का यावर?"

"अजिबात नाही," शेखर म्हणाला. "शास्त्राचा विद्यार्थी आहे मी. पण अकरा म्हणजे फारच कमी, नाही का? वीस-बावीस असते तर मी भांडलो असतो. दादा आणखी एक स्थळ बघतोय टोकावड्याचं."

"आणि तू?"

"मी नाही म्हणेन. पण काहीतरी हातात पाहिजे ना गं म्हणायला."

रंजिता रडली नाही. शेखरला सोडायचं नव्हतं, आणि वाद घालून तो मिळणार नाही हे कळलं होतं. ती परत वळली आणि जोड्यात पाय घालणाऱ्या कमळाकरसमोर उभी राहिली.

"दादा, खऱ्या तारखा आणल्या तर मानाल?"

"मानीन की. आपल्याला काय, कम्प्युटर बोलंल ते. पन लेखी पायजे. शिक्क्यानिशी."

पुतण्याकडे होता त्याच पत्रिकेच्या प्रोग्रॅमची सीडी मिळायला अडचण आली नाही. क्लासातल्या एका मुलाच्या मामाकडे होती. दुपारच्या सुट्टीत, पोरं वडापाव खायला गेली की रंजिता मशीनसमोर बसू लागली. झोडणी काही एका दिवसात होत नाही. दिवाळीनंतर सुरू होते आणि मार्गशीर्षभर कुणाची ना कुणाची चालूच असते. म्हशाची जत्राही पुष्कळ दिवस चालते. म्हणजे हाताशी तारखांची एक रांग तिची आणि एक रांग त्याची. ती प्रयोगशाळेत करत असे तसंच तिनं केलं. एक राशी स्थिर ठेवायची, दुसरी बदलत जायची. एका बुधवारी तिला मंगळ लागला. गुरुवारी शेखर व्यसनी निघाला. शनिवारी दोघांचं उत्तम जुळत होतं, पण सासू अल्पायुषी होती आणि गोदूचा जीव घेणं तिला बरं वाटलं नाही. शेवटी एक जोडी अशी सापडली की पडद्यावर एकतीस आले.

घरी येऊन तिनं आईला विचारलं, "आये, मी झाले तेव्हा मंगळवार होता का गो?"

बाईजा तांदूळ पाखडत होती. "असंल. तुजा बा घरी नव्हता त्या दिशी. म्हंजे कुठला तरी वार व्हताच."

"सकाळी?"

"गुरं सुटली व्हती."

"साडेसात धरू?"

"धर बाय. तुमच्या मशीनला काय लागंल ता धर."

भगीरथनं प्रतिज्ञापत्रावर सही केली. शेखरच्या तारखेसाठी गोदूनं तिकडे अंगठा दिला. कमळाकरनं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जत्राच व्हती. मी कदी नाय म्हनली?" कागदावर शिक्के उमटले, गोल आणि जांभळे, दाखल्यावरच्यापेक्षा ठसठशीत. कमळाकरनं ते उजेडात धरून पाहिले आणि पुतण्याकडे नेले. मशीन पुन्हा कुरकुरलं.

पुढच्या रविवारी तो पेढे घेऊन आला. "एकतीस," त्यानं दारातूनच सांगितलं. "डिस्टिंक्शन. मी म्हटलं नव्हतं, कम्प्युटर खोटं बोलत नाय?"

शेखर मागे उभा होता. त्याचा चेहरा खुलला होता. "मला खात्री होतीच," तो म्हणाला.

रंजितानं पेढा घेतला. हळदीचा दिवस त्याच बैठकीत ठरला.

मंडळी गेल्यावर पडवीत कागद पडून राहिला. घडी घालता घालता तिची नजर स्वभावाच्या रकान्यावर गेली. "जातक शांत, नेमकी व तर्कशुद्ध बुद्धीची असून सहसा कोणाच्या भूलथापांना बळी पडत नाही." तिनं ते पुन्हा वाचलं. मग जुना, एक जूनचा कागद शोधून काढला. शास्त्रीय सवय म्हणून, तुलनेसाठी. त्यात लिहिलं होतं, "जातक भावनाप्रधान, उतावीळ, हवं ते मिळवण्यासाठी कोणत्याही थराला जाणारी."

हे साफ चुकीचं होतं. म्हणजे तारीख चुकीची होती, हे त्यावरूनच सिद्ध होत होतं.

नवा कागद तिनं पदवीच्या फायलीत ठेवला. मग ती मागच्या अंगणात गेली. बाईजा भांडी घासत होती.

"आये, खरंच मंगळवार होता का गो?"

बाईजानं वर पाहिलं. हाताला राख तशीच होती.

"मला काय ठावं? तूच त सांगितलास."