कानवाले मिस्त्री

मिस्त्रींना सगळे 'कानवाले' म्हणत, आणि ते नाव त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि गाडीचं दुखणं सांगून मोकळं व्हायचं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा खाक्या होता. बॉनेट उघडलं की गिऱ्हाईक इंजिनकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं.

गेली दोन वर्षं मात्र त्यांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. माणसाचं बोलणं कळायचं, हातोडा कळायचा, जड इंजिनची घरघर कळायची. पण इंजिनच्या पट्ट्याची चिरचिर किंवा हवेची सूंसूं त्यांच्यापुरती जगातून उठून गेली होती. हे एकट्या त्यांच्या सुनेला ठाऊक होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पट्टा चिरचिरला की ती हळूच म्हणायची, "बाबा, पट्टा बघू का?" आणि ते म्हणायचे, "तेच सांगणार होतो. मध्ये तोंड घालायची घाई फार तुला."

ती तंत्रशाळेत गाड्यांचंच काम शिकून आलेली. लग्नानंतर गॅरेजमध्ये पाऊल टाकलं त्या दिवशी सासऱ्यांनी तिच्यापुढे तेलकट भागांचं घमेलं सरकवलं होतं. "घरी भांडी घासतेस ना? मग इथे हे घास." गिऱ्हाइकं हसली. नवराही हसला. तो सुट्या भागांच्या काउंटरवर बसायचा आणि बापापुढे त्याची मान कायम खाली असायची. वर्षभर तिने घमेलंच उपसलं. पुढे गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर आला, तो सासऱ्यांना चालवता येईना, म्हणून तिच्या हातात पडला.

औषधांच्या दुकानवाल्यांची पेट्रोलची गाडी अठरा वर्षांची होती. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, पेट्रोल दुप्पट जळत होतं, प्लगवर काजळी धरली होती. स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवलं. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो सेन्सर गाडीच्या संगणकाला कळवतो आणि संगणक त्या मापाने पेट्रोल सोडतो. त्याचा आकडा खरं तर सारखा वर-खाली नाचायला हवा. इथे तो तळाशी मुक्काम ठोकून बसला होता. म्हणजे ऑक्सिजन फार, पेट्रोल कमी, असं संगणकाला वाटत होतं आणि तो पेट्रोल ओततच होता.

सुनेने इंजिनच्या हवेच्या नळीत जरासा गॅस सोडून पाहिला. आकडा झटक्यात वर गेला. सेन्सर जिवंत होता. शिवाय सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर तिला इंजिनच्या बुडाशी, सायलेन्सरच्या सांध्याजवळ टिकटिक ऐकू आली होती. इंजिन तापलं तशी ती विरली.

"बाबा, सेन्सर चांगला आहे. सायलेन्सरचा पाइप इंजिनला जुळतो तिथे गळती आहे. बाहेरची हवा आत शिरतेय, म्हणून सेन्सर फसतोय."

"मशीन सेन्सर म्हणतंय ना?"

"मशीन फक्त—"

"मी कान लावून बघितलं. गळती असती तर मला ऐकू आली नसती? सेन्सर बदल."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "बदल ना. कशाला वाद?" तिने बदलला.

पाचव्या दिवशी सकाळी औषधवाले तणतणत आले. गाडी आदल्या संध्याकाळीच भाच्याकडून गॅरेजच्या दारात सोडलेली होती. दिवा पुन्हा लागला होता. दोन रिक्षावाले आणि शेजारचा पंक्चरवाला तिथेच उभे होते.

"तुमच्या भरवशावर नवा सेन्सर टाकला, मिस्त्री!"

कानवाल्यांनी हात पुसले. "काम सुनेने केलंय. मी तिला म्हटलं होतं, नीट बघ. पण बायकांना मशीन दिलं की आपण शहाणे झालो असं वाटतं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "माफी माग साहेबांची."

ती गाडीचं बॉनेट उघडू लागली.

"ऐकू आलं नाही? बहिरी आहेस का?"

रिक्षावाला फिसकन हसला. नवरा काउंटरवरचे बोल्ट उगाच डब्यात भरू लागला. सून म्हणाली, "चुकलं, साहेब." मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच ऐकून सांगा. इंजिन थंड आहे."

तिने किल्ली फिरवली. टिक-टिक-टिक-टिक. पंक्चरवाल्यानेसुद्धा मान उंच केली. कानवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.

"काही नाही. सेन्सरच. माल डुप्लिकेट निघाला."

"अहो मिस्त्री," औषधवाले म्हणाले, "मला इथून टिकटिक ऐकू येतेय."

"तुम्ही गोळ्या विका. चाळीस वर्षं या कानांनी—"

इथे थांबता आलं असतं. साबणाचं पाणी शिंपडून सांध्यावरचे बुडबुडे दाखवले असते, तरी काम भागलं असतं. पण तिने गाडी बंद केली, स्कॅनर उचलला आणि सासऱ्यांच्या पाठीमागे जाऊन त्यांच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर धरला. बटण दाबलं. स्कॅनर पीं करून किंचाळला. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"—या कानांनी मी अख्ख्या गावाच्या गाड्या बऱ्या केल्या," कानवाले बोलत होते. "सुई पडली तरी सांगेन कुठे पडली."

पीं. पीं. पीं.

औषधवाल्यांनी नजर वळवली. कानवाल्यांना प्रत्येकाच्या तोंडावर काहीतरी दिसलं, पण ते काय हे उमजेना. ते वळले, तेव्हा सुनेचा अंगठा बटणावर होता. तो दबलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

"दोन वर्षं झाली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मीच सांभाळून घेत होते."

रिक्षावाल्याला हसू आवरलं नाही. मग पंक्चरवालाही हसला. कानवाल्यांचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावरून खाली आला. ते रस्त्याला लागले.

तिने तिथेच गाडी जॅकवर घेतली. सांध्यातल्या गॅस्केटच्या कडेला गळतीची काळी रेघ उमटलेली होती. गॅस्केट बदलली, स्कॅनरवरून बिघाडाचा कोड मिटवला, इंजिन तापू दिलं. आकडा वर-खाली नाचू लागला.

"बापाची अब्रू घालवलीस," नवरा म्हणाला.

"आणि माझी?"

रात्री त्याने अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं.

कानवाले महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. सुनेने कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ते गेले नाहीत. ताट तिने वाढलं तर खात नसत, मुलाने वाढलं तर दोन घास खाऊन उठत. मग एके दिवशी आपणहून गॅरेजवर आले आणि दाराशी स्टुलावर बसले. तिला वाटलं, निवळलं असेल.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. गावभर गोष्ट पोचलेलीच होती. तो माणूस कानवाल्यांच्या पुढ्यात वाकला, दोन्ही हात तोंडाभोवती धरून एकेक अक्षर ओरडला, "बा-बा! सू-न-बा-ई कु-ठे?"

माणसाचं बोलणं त्यांना चांगलं ऐकू यायचं. हळू विचारलं असतं तरी कळलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही. चेहऱ्यावर उडालेली थुंकी पुसली आणि बोटाने गाडीखाली दाखवलं.

गाडीखालून सुनेला त्यांच्या चपला दिसत होत्या. तिने बाहेर यायला हवं होतं. तिने पाना पुन्हा नटवर चढवला आणि नट घट्ट असूनही आवळत राहिली.