मातीच्या घरातली दुपारची झोप

"बाई, बाजूला व्हा. जेसीबीवाल्याला अजून घरं पाडायचीत," रोसेंदो वैतागून म्हणाला.

एउलालियाबाई दारातल्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. "आईला विचारलंस?"

"तिला काय कळतंय? सरकार सिमेंटचं घर देतंय. भूकंपात मातीनं दगा दिला."

"दगा कुठं दिला? वाकलंय नुसतं."

आंब्याखालून त्याची आई, कांदिदाआजी, ओरडली, "साफ पडलं ते तुझं नवं स्वयंपाकघर! ते तर सिमेंटचंच होतं की रे!"

जेसीबीवाला फिदीफिदी हसला. रोसेंदो ओशाळला. "पावसाळ्यापर्यंत थांबतो," म्हणाला, "मग मात्र कुणाचं ऐकणार नाही."

एउलालियाबाई राजधानीत वास्तुकला शिकवायच्या. तरुणपणी, तिथल्या मोठ्या भूकंपात, त्यांचा नवरा एका नव्याकोऱ्या इमारतीखाली गेला. त्यानंतर त्यांनी उंच इमारतींचे आराखडे कधी काढले नाहीत. दर सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन त्या खेड्यांतली मातीची घरं सावरत फिरायच्या. दक्षिणेकडच्या तेवान्तेपेक भागातल्या या गावातही त्या अशाच आल्या होत्या.

उन्हाळाभर काम चाललं. कललेल्या भिंती उतरवून त्याच मातीच्या विटांनी पुन्हा रचल्या. माथ्यावरून लाकडी पट्टा फिरवून चारी भिंती एकमेकींना जखडल्या. वर जुनीच कौलं चढली. रोसेंदो लांबून सिगारेट ओढत बघायचा.

घर तयार झालं, पण आत पाऊल टाकायला कुणी धजेना. आजीसुद्धा नाही.

"भिंतीची भीती नाही गं," ती म्हणाली. "भूकंपाच्या त्या आवाजाची वाटते."

"मग आधी मी झोपते," बाई म्हणाल्या. आत दोरीची झोळी टांगून आडव्या झाल्या.

ऊन कलताना गावातली कुत्री एकदम केकाटली. जमीन गुरगुरली. अंगणातली माणसं मटकन खाली बसली. कौलं खडखडली, दारातून धुळीचा लोट आला.

"बाई! बाहेर या!" रोसेंदो ओरडला.



धक्का ओसरायच्या आतच तो धावत आत शिरला. बाई झोळीच्या दोऱ्या घट्ट धरून, डोळे मिटून पडल्या होत्या. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या.

"झोप लागली होती?" त्यानं बावळटासारखं विचारलं.

"झोप कसली, वेड्या! नवऱ्याला हाका मारत होते."

रोसेंदोनं भिंतींवरून हात फिरवला. "बाई, एक तडा नाही!"

"आहे. त्या कोपऱ्यात, बारीकसा. उद्या बुजवू."

तो बाहेर गेला आणि विद्यार्थ्यांना विचारू लागला, पट्ट्याचं लाकूड कुठून आणलंत, शेजारच्या मार्सियानोमामाचं घर अजून पाडलेलं नाही, ते वाचेल का.

तेवढ्यात आजी उंबरा ओलांडून आत आली. वर पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, आणि बाईंचे मातीनं भरलेले पांढरे केस पाहिले. तिनं बाईंना पाटावर बसवलं, केस झटकले, आणि आपली निळी रेशमी फीत गुंफत वेणी घालायला घेतली. बाई शाळकरी मुलीसारख्या मान खाली घालून बसून राहिल्या.