खालच्या कोपऱ्यातली थाळी

मी एक जुनी, काठाचे टवके उडालेली एनॅमलची थाळी आहे. माझ्या अकरा बहिणी कपाटात राहतात. मी मात्र न्यूझीलंडच्या कायपारा खाडीकाठी, हुरियाआत्यांच्या रताळ्याच्या शेतात, अगदी खालच्या कोपऱ्यात पडून असते.

मित्रांनो, थंडी उतारावरून येऊन तिथेच साचते. म्हणून आत्यांचे यजमान तामाती हिवाळा सरताना रोज संध्याकाळी माझ्यात पाणी ओतून ठेवत. सलग सात सकाळी त्यावर बर्फाची पापडी धरली नाही, तरच रताळ्याचे कोंब लावायचे. तामाती गेल्यावर आत्या एकट्याच येऊ लागल्या. पाण्यात बोट बुडवून पाहत, फार गार लागले तर कोंब करपू नयेत म्हणून वाफ्यांवर गोणपाटे पसरत. जाता जाता माझ्याशी चार शब्द बोलत. बोलायला दुसरे होते कोण?

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे आमच्याकडे हिवाळा सरताना, जोडून सुटी आली आणि त्यांचा भाचा रेवी ऑकलंडहून दहा माणसे घेऊन आला.

"आत्या, लागवड आजच उरकू. एवढे हात परत कुठून आणशील?"

"पाचच सकाळी झाल्यात रे. थाळीला अजून दोन हव्यात."

"थाळीचं ऐकतेस, माझं नाही! मग निघू का आम्ही?"

तो थट्टेने म्हणाला, पण आत्यांचा चेहरा पडला. "बस रे, लावू," त्या म्हणाल्या. तामातींनी जपलेल्या वाणाचे सगळे कोंब दुपारपर्यंत मातीत गेले.

रात्रीच्या जेवणासाठी एक थाळी कमी पडत होती. आत्यांनी मला आणून घासले आणि स्वतःसाठी घेतले. माझ्यात गरम मटण पडले! खरे सांगते, मी हरखून गेले. हसण्याखिदळण्यात त्या संध्याकाळी शेताकडे कोणीच फिरकले नाही. गोणपाटे कोठारातच राहिली.

सकाळी सगळे कोंब काळे पडले होते.

"परत लाव ना," म्हणून रेवी मंडळींसह निघून गेला. कोंब काढण्यासाठी वेगळ्या वाफ्यात पुरलेल्या जुन्या रताळ्यांना पुढे जेमतेम एकोणीस कोंब फुटले. सात सकाळी मोजून आत्यांनी ते एकट्यांनीच लावले. रेवीचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "छान आहे पीक. जेवायला ये."

मित्रांनो, थंडी तुमची सुटी पाहून जात नाही. आणि एकटे माणूस तुम्हाला नाही म्हणायला भिते, तुम्ही उठून जाल म्हणून. त्याच्याकडे जाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.

मी पुन्हा कोपऱ्यात आहे. आत्यांनी पाहुण्यांसाठी एक नवी थाळी आणली आहे. तिच्यात अजून कोणी जेवलेले नाही.