मुक्या बाजारातले बोलणे

मित्रांनो, हिरालालच्या उजव्या कानामागे बसणारे मी एक जुने यंत्र. पुस्तकात माझे नाव श्रवणयंत्र आहे. रायपूरच्या या घरात मला नुसते ‘मशीन’ म्हणतात. कधीकाळी माझा रंग माणसाच्या कातडीशी जुळत होता. आता तो जुन्या दातांसारखा पिवळट झाला आहे.

तोंडाला फडकी बांधलेल्या कामगारांनी मला एका स्वच्छ खोलीत जोडले. शेंगेएवढ्या माझ्या अंगात आवाज घेणारा एक भाग, तो वाढवणारा दुसरा आणि कानात सोडणारा तिसरा बसवला. मग समता कॉलोनीतल्या एका दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस पडून होते. तिथे एकदा यशदीप आपल्या वडिलांना, हिरालालला, घेऊन आला आणि मला घर मिळाले.

हिरालालची सगळी नोकरी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात गेली होती. तापलेल्या सळया दिवसभर आदळत. कानाच्या आत बारीक केस असलेल्या पेशी असतात. अशा आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, टोकदार आवाज जातात, मग शब्दांच्या कडा झिजतात. मी आवाज मोठा करते, झिजलेल्या कडा मला जोडता येत नाहीत. हा फरक घरात कोणाला ठाऊक नव्हता.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. कुकरची शिट्टी ऐकून हिरालाल हसला, तेव्हा नात मोनालीने टाळ्या वाजवल्या. मग सगळेच धरून चालले की आता याला ऐकू येते. कोणी आतल्या खोलीतून बोले, कोणी मोबाईलमध्ये मान घालून. त्याने पुन्हा विचारले की मोनाली म्हणे, “कुछ नहीं, दादाजी.” हळूहळू त्याने विचारणे सोडले. कोणी काही बोलले की तो मान डोलावून “हव” म्हणे. हव म्हटले की माणसे समाधानाने निघून जातात.

त्याला एक विद्या मात्र येत होती. कारखान्याच्या गोंगाटात सगळे कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलत. घरी त्याचा उपयोग नव्हता, कारण त्याच्या बायकोचे, सरलाचे, सगळे बोलणे चुलीकडे तोंड करून चाले.

दिवाळीच्या सुमारास सरला अशीच पाठमोरी, पोळ्या लाटत बोलली. छातीत गाठ लागते म्हणाली. पोराला सांगायची लाज वाटते, तुम्हीच चला दवाखान्यात, म्हणाली. तिचा शब्दन्‌शब्द माझ्यापर्यंत आला. मी तो जमेल तेवढा मोठा करून कानात सोडला. हिरालाल म्हणाला, “हव,” आणि पेपर वाचत राहिला.

तिने आणखी दोनदा सांगितले. दोन्ही वेळा हव. मग तिने सांगणे सोडले आणि नवरा दवाखान्यात न्यायला कधी उठतो याची वाट बघत राहिली.

त्याच हिवाळ्यात गावाबाहेर जुन्या राजांच्या काळातल्या एका मालिकेचे चित्रीकरण सुरू झाले. पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, विकी गर्दीसाठी माणसे पुरवत असे. सुरकुतलेले चेहरे हवेत म्हणून तो या दोघांनाही घेऊन गेला. मैदानात प्लायवूडचा बाजार उभा होता. सरलाला लुगडे नेसवून मडक्यांच्या ढिगामागे बसवले. हिरालालला धोतर आणि मुंडासे मिळाले. कपडेवाल्या बाईने मला बघितले मात्र, कपाळाला हात लावला. त्या काळात मशीन कुठे होती, काढा म्हणाली. धोतराला खिसा नव्हता. सरलाने मला बंद केले, लुगड्याच्या पदरात गाठ मारली आणि कमरेला खोचले.

विकीने सगळ्यांना समजावले, “आवाज नहीं आना चाहिए. सिर्फ होंठ हिलाना है.” आवाज फक्त पुढे उभ्या असलेल्या नायकाचा घ्यायचा होता. गर्दी अवघडली. कोणी नुसतेच ‘आलू-गोभी, आलू-गोभी’ असे ओठ हलवू लागले, कोणाला हसू फुटले. सगळा बाजार हिरालालएवढाच बहिरा झाला होता. तो मात्र मडके वाजवून बघत सहज घासाघीस करू लागला.

नायक वाक्य विसरत होता, म्हणून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चालला. सरलाजवळचे मडक्यांचे भाव संपले. ओठ तर हलवायचे होते. नवऱ्याला ओठ वाचता येतात हे तिला माहीत नव्हते. मोठ्या दिव्यांच्या उजेडात, त्याच्याकडे तोंड करून, ती मनातले बोलू लागली.

मी बंद होते, तरी पदराच्या गाठीतून मला तिचा श्वास कळत होता. तो मध्येच अडकला. समोर हिरालालचा हात मडक्यावर थांबला होता. पलीकडून विकीने खूण केली, अंकल, रुकना नहीं. हिरालालचे ओठ पुन्हा हलले.

परतीच्या बसमध्ये त्याने मला कानाला लावले. एरवी ओरडून बोलणारा माणूस अगदी हळू म्हणाला, “मले काहून नाही सांगतलं?”

“सांगतलं नं,” सरला म्हणाली. “तीनदा सांगतलं. तुमी हव म्हणे.”

सगळा रस्ता बसचे इंजिनच माझ्यातून घुमत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या. रोग हाडांत पोचला होता. दिवाळीतच आणले असते तर काही करता आले असते, असे डॉक्टर यशदीपला म्हणाले. हेही मी ऐकले. त्यानंतर सरला नवऱ्यासमोर बसूनच बोलायची, शेवटी शेवटी आवाजाशिवाय. मी कपाटाच्या खणात असे. उन्हाळ्यात ती गेली. तिच्यासाठीच्या बुद्धवंदनेला आलेले लोक हिरालालच्या कानाशी ओरडून दुःख सांगत होते.

मालिका लागली तेव्हा घरात सगळे टीव्हीपुढे बसले. नायकाच्या खांद्यामागे क्षणभर सरला दिसली. हिरालालची नुसती पाठ होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, काकूने काम किती खरे केले. मोनाली उठली, आजोबांच्या पुढ्यात बसली आणि त्यांच्याकडे बघत तिने विचारले, “दादाजी, आप क्या बोले थे दादी को?”

“म्या म्हटलं, चाल घरी, आत्ताच,” हिरालाल म्हणाला. “सरला म्हणे, एवढा शॉट होऊ द्या.”

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी माझ्यासारखे यंत्र लावत असेल तर ते कोरड्या फडक्याने पुसत जा, ओल लागू देऊ नका. आणि काही सांगायचे असेल तेव्हा उठा, त्या माणसासमोर जाऊन बसा, तोंडावर उजेड असू द्या. पाठमोरे बोललेले मी सगळे ऐकते. पण माझ्या ऐकण्याने कोणी कोणाला दवाखान्यात नेत नाही.