बिनरंगाचा बर्फ

मी एक जुना काचेचा पाट आहे. शेताला पाणी देणारा नव्हे, मित्रांनो, प्रयोगशाळेतला. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, लेना नदीकाठच्या शहरात, एका गारठलेल्या खोलीत, लोखंडी पायांवर उभा आहे. कारागिरांनी मला इतक्या निगुतीने सांधलं होतं की थेंब गळत नसे. एका टोकाने पंप पाणी सोडायचा, आणि वाहता वाहता ते माझ्यात गोठायचं. नदीवर बर्फ कसा धरतो, कुठे तुंबतो, हे माणसं माझ्यात बघत. माझ्यामुळे एका पुलाची जागा बदलली, तेव्हा माझा रुबाब काय विचारता!

न्युर्गुयाना ही इथली संशोधक, माझी फार लाडकी. एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या गावाच्या वरच्या अंगाला खाणीचा बांध फुटला आणि विषारी पाणी नदीत उतरलं. तिचं गाव हिवाळाभर नदीचाच बर्फ वितळवून पितं. ठोकळे कापून अंगणात रचायचे, लागेल तसे फोडायचे. पाण्यातलं विष बर्फात शिरतं का, हे तिला शोधायचं होतं. तिने माझ्या पाण्यात लाल रंग मिसळला आणि ते गोठवलं.

त्या दिवशी गावाहून तिची ओग्दो मावशी आली होती. माझ्या काचेला नाक लावून ती बघत राहिली. बर्फात लाल रेघा धरल्या होत्या.

"असला बर्फ पिऊ नकोस हं, मावशी," न्युर्गुयाना म्हणाली. "तुमच्या बर्फाचे नमुने तपासायला गेलेत. निकाल यायचाय."

"असल्याला आमचं घोडंसुद्धा तोंड लावायचं नाही!" मावशी म्हणाली आणि घाईने गावी गेली.

हिवाळा सरत आला तेव्हा निकाल आला. नमुन्यांत विष होतं. न्युर्गुयाना गावाकडे निघण्याच्या तयारीत होती, तोच मावशीच दारात. हातात थर्मास.

"घे, आमच्या बर्फाचा चहा. तुमच्या नळाच्या पाण्याला काय चव! आणि काळजी सोड. मी एकेक ठोकळा उन्हाला धरून बघितला. सगळ्या गावाला बघायला लावला. लाल रेघ कुठ्ठे नाही."

चहा ओतताना तिचा हात थरथरत होता, मागच्या वेळी थरथरत नव्हता. कप भरेना.

"मावशी, अगं... तो लाल रंग मी घातला होता. दिसावं म्हणून."

"मग खऱ्याचा रंग कुठला?"

"त्याला रंगच नाही."

 मावशीने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "नातीला मीच पाजला गं," ती म्हणाली. "रोज. नको म्हणायची तरी."

त्यानंतर न्युर्गुयानाने माझ्यात कधी पाणी सोडलं नाही. खोलीला कुलूप लागलं, पंप गंजला, माझ्या काचांवर धूळ बसली. थंडी वाढली की काचांवर हिमाची नक्षी उमटते आणि तिच्यात मला चेहरे दिसतात. सगळं गाव रांगेने उभं असतं. जो तो आपला ठोकळा माझ्यासमोर उजेडाला धरतो. मला ओरडावंसं वाटतं, पण माझ्या सांध्यांतून नुसती करकर निघते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून ठेवा, त्यांची हेळसांड करू नका. पण एवढ्यावर थांबू नका. कुणाला प्रयोग दाखवाल तेव्हा त्यातला रंग कुणी घातला, तेही त्या माणसाला सांगा. तो घरी जायच्या आधी सांगा.