अजून कोण ऐकतंय?

मित्रांनो, मी एक जुना राउटर. माझा एक अँटेना मोडून लोंबतो, पण तेवढ्यावरून मला भंगारात काढू नका! तिरुवैयारूच्या जयलक्ष्मीबाईंच्या घरात मी असा एक दिवस पाहिला आहे, की आठवला तरी माझे दिवे लकलकू लागतात.

कारखान्यातून मी तंजावूरच्या दुकानात आलो आणि तिथून या घरात. सुरुवातीला काय ते कौतुक! पुढे नव्याचे नऊ दिवस संपले. इंटरनेट रेंगाळलं की शिव्या तेवढ्या माझ्या वाट्याला येत.

जयलक्ष्मीबाई गाणं शिकवत. विजयादशमीला नवी मुलं पहिला धडा घ्यायला येत. ती दिवाणखान्यात मावत नसत, म्हणून बाई खोलीखोलीत जाऊन तोच धडा गात. यंदा मात्र त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "एकदाच गा, तेही हळू." बाईंनी मनाशी ठरवलं होतं, की सगळ्या मुलांपर्यंत आवाज पोचला नाही तर वर्गच बंद करायचा.

त्यांची भाची नित्या चेन्नईत प्रोग्रॅम लिहिते. तिने मागच्या खोल्यांत स्पीकर ठेवले आणि सगळ्यांच्या तारा स्विच नावाच्या डबीत खोचल्या. आधी तिचा संगणक प्रत्येक स्पीकरला गाण्याची वेगळी प्रत पाठवायचा. बिचाऱ्याला धाप लागली! मग तिने मल्टिकास्ट वापरलं. त्यात गाणं एकदाच निघतं, तेही एका गटाच्या पत्त्यावर. ज्या स्पीकरला ऐकायचं तो हात वर करतो. स्विच त्या तारा लक्षात ठेवतो आणि तेवढ्यांनाच प्रती वाटतो. प्रिंटरला उगाच गाणं ऐकावं लागत नाही! आणि माझं काम? थोड्या थोड्या वेळाने मी पुकारा करतो, "अजून कोण ऐकतंय?" हात पुन्हा वर होतात.

नवमीच्या आयुधपूजेला घरच्यांनी मलाही वीणेशेजारी कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायरीवर बसवलं. चंदन, कुंकू, वर झेंडू. मी फुलून गेलो! दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पूजा उतरवली, वीणा उचलली, पुस्तकं उचलली. मी मात्र तारा काढलेला तसाच फुलांखाली राहिलो. गाणं घरातल्या घरात जायचं, मग इंटरनेटचा डबा कशाला, असंच सगळ्यांना वाटलं.

बाई गाऊ लागल्या. स्पीकरांनी सुरुवातीला एकदा हात वर केलेच होते, म्हणून मागच्या खोल्यांत सूर खणखणीत पोचला. मी पायरीवर नुसता तडफडत होतो, कारण पुकारा करायला कुणीच नव्हतं! थोड्या वेळाने मागच्या खोलीतली जननी नावाची मुलगी धावत आली.

"अक्का, तिकडे पाट्टु, गाणं थांबलं!"

बाई गाता गाता थांबल्या आणि उठल्या. "मीच जातें तिकडे. पहिल्यापासून म्हणतें."

"अत्ते, उठू नका!" नित्या ओरडली. "अय्यो, चालत होतं आणि मग थांबलं... विचारणारा कुठे आहे? राउटर कुठे आहे?"

इथेच घोडं पेंड खात होतं. कुणी विचारेना, म्हणून कुणी हात वर करेना. स्विचला वाटलं, ऐकणारे उठून गेले. त्याने गाणं बंद केलं.

नित्याने मला फुलांतून उपसलं. माझ्या हवेच्या जाळीत चंदन वाळलं होतं. बाईंनी पदराने ते स्वतः पुसलं आणि म्हणाल्या, "सरी, बरं, लाव याला. अर्धा धडा उरलाय माझ्या गळ्यांत."

मी जागा झालो. आनंदाने धापा टाकत पुकारा केला, "अजून कोण ऐकतंय?" मागच्या खोल्यांतून हातच हात! बाईंनी जिथे सोडलं होतं तिथूनच सूर उचलला आणि एकदाच गाऊन धडा पुरा केला. मग त्या कान देऊन ऐकू लागल्या. भिंतीपलीकडून तोच धडा सगळ्या मुलांच्या तोंडून परत आला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वर्ग बंद करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची पूजा खुशाल करा, फक्त जाळी बुजवू नका. आणि एक सांगतो. तुमच्या घरात मागच्या खोलीत कुणी मुकाट बसलेलं असेल, तर मधूनमधून त्याला विचारत जा. विचारायचं थांबलं, की ते माणूस तिथे असूनही सगळ्यांना गेल्यासारखं वाटतं.